परतीचा बाण

१

गुलाम रसूल पेंटर कुठल्याही पाटीवर आधी परतीचा बाण काढायचा. जायचा बाण नंतर. राजुऱ्यात चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या पाठी, शाळांच्या भिंती आणि झाडून सगळ्या पक्षांच्या निवडणुका रंगवून त्याला जी काही अक्कल आली होती, ती एवढीच. जाणारा माणूस उत्साहात असतो, बाण नसला तरी तो जातोच. परतणारा दमलेला असतो. त्याची वाट चुकली की तो पाटीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरतो.

"शिव्या खायच्या नसतीन तं मागची बाजू आधी रंगवावं," असं त्यानं मुलाला, तौसीफला, लहानपणापासून सांगितलं होतं. तौसीफनं ते नीट ऐकून घेतलं आणि मोठा झाल्यावर फ्लेक्स छापायचं मशीन टाकलं. फ्लेक्सला मागची बाजूच नसते.

त्यामुळे मरियमटोल्याहून फादर राजदीपचा फोन आला तेव्हा गुलाम रसूलच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मरियमटोला हे नागभीडच्या पुढे, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथलं लहानसं गाव. गावात सव्वाशे वर्षांचं विटांचं चर्च, आत आरोग्यमातेची मूर्ती. दुखणाईत माणसं लांबून तिथं येत, ख्रिस्ती येत तशी हिंदू-मुसलमानही येत. येणाऱ्यांत निम्म्यांचे पाय धड नसत. म्हणून तरण्या फादरनी गावाभोवती तीन सोप्या पायवाटा आखल्या होत्या: एक तलावाच्या पाळीवरून, एक झऱ्याकडे, आणि एक चर्चच्या मागची क्रूसाची वाट. कुठं चढ नाही, कुठं ठेच लागेल असा दगड नाही.

"फ्लेक्स लावले होते चाचा, वानरांनी आठ दिवसांत फाडले," फादर म्हणाले. "दगडांवर हातानंच रंगवून पाहिजे. जत्रेच्या आधी झालं पाहिजे पण."

"होऊन जाईन फादर," गुलाम रसूल म्हणाला. वानरांचे त्यानं मनातल्या मनात आभार मानले. "बायकोले घेऊन येऊ का संगं? तिले चालायचं हाय."

२

नूरीचे घुटने सहा वर्षांपूर्वी गेले. 'गेले' हा तिचाच शब्द, घरातलं एखादं माणूस गेल्यासारखा ती तो उच्चारायची. हृदय तेवढं धड नाही म्हणून डॉक्टरनं ऑपरेशनला नकार दिला आणि रोज सपाट जागी थोडं थोडं चाला म्हणून सांगितलं. राजुऱ्यात सपाट जागा म्हणजे रस्ता, आणि रस्त्यावर कोळशाचे ट्रक. चालणं राहून गेलं ते राहूनच गेलं.

तिची मागणी काही फार मोठी नव्हती. सहा वर्षं ती खुर्चीवर बसून नमाज पढत होती. दुखणाइताला तशी मुभा आहे हे तिलाही ठाऊक होतं. पण एकदा, मरायच्या आधी एकदाच, तिला जमिनीला कपाळ टेकवायचं होतं. "खुर्चीवरून झुकली का मले वाटते, मी अल्लाले दुरूनच हात दाखवून राह्यली," ती म्हणायची. गुलाम रसूल त्यावर हसायचा आणि पाणी प्यायचं निमित्त करून आत जायचा. तिच्यासमोर रडायची त्याची छाती नव्हती.

मरियमटोल्यात त्यांना यात्रेकरूंच्या खोल्यांपैकी शेवटची, तलावाकडची खोली मिळाली. वर कवेलूंचं छप्पर, पुढे ओसरी, ओसरीला चार पायऱ्या. वानरं आत शिरतात म्हणून दाराला आतून कडी घालावी लागे. नूरी चालून परत आली की खोलीत बसल्याबसल्या त्याला कळायचं. आधी काठी टेकायची, मग उजवा पाय जड पडायचा, मग डावा घासत यायचा, आणि मग "या अल्लाह". चार पायऱ्यांना चार वेळा. ती कितव्या पायरीवर आहे हे तो डोळे मिटून सांगू शकला असता, आणि चौथ्या वेळेला तो कडी काढायचा.

जेवण आशाबाईकडे होतं. आशाबाई गावातलीच, चर्चची झाडलोट आणि पाहुण्यांचा स्वयंपाक तिच्याकडे. पहिल्याच दिवशी तिनं नूरीला चर्च दाखवायला नेलं. मूर्तीसमोर लोकांनी नवसाचे मेणाचे अवयव आणून ठेवले होते, हात होते, डोळे होते, पण पायच जास्त. नूरी काठीवर रेलून बघत राहिली.

"एवढे पाय," ती म्हणाली. "कोनाचा कोनता ते ओळखू कसं येत असन वो बाई?"

"आपल्याले नाई येत. मातेले येते," आशाबाई म्हणाली आणि पिवळे पडलेले दोन पाय पुसून जागच्या जागी ठेवले.

३

तिन्ही वाटा मिळून एकतीस दगड होते. दगडाला काळा गोल, पुढच्या बाजूनं पिवळा बाण जायचा, मागच्या बाजूनं पांढरा बाण परतीचा. खाली अक्षरं: 'सोपी वाट. चढ नाही.' नवव्या दिवशी दुपारी गुलाम रसूलनं तलावाच्या पाळीवरचा शेवटचा दगड संपवला आणि ब्रश धुवायला सावली शोधत पाळीच्या वळणावरच्या मोहाच्या झाडाखाली गेला.

मोहाच्या मागे एक दगड होता. काळा गोल, पिवळा बाण. बाण जंगलात जात होता.

हा आपण काढलेला नाही, असं त्याला आधी वाटलं. मग तो खाली बसला, चष्मा पुसला आणि त्याला कळलं की हा आपणच काढलेला आहे. ब्रश उचलताना त्याचं मनगट अंमळ उशिरा उचलायचं आणि बाणाच्या खालच्या पात्याला बारीक शेपूट राहायचं. उस्तादानं यासाठी त्याला लहानपणी कानाखाली मारल्या होत्या, तरी शेपूट गेलं नव्हतं. ते इथं होतं. रंगही त्याच्याच डब्यातला, जरा जास्त थिनर पडलेला. वाळून दोन-तीन दिवस झाले असावेत, वर धुळीची पातळ साय धरली होती.

मग एकतीसचे बत्तीस कसे झाले? मार्चचं ऊन, बासष्टचं वय, रोज सकाळी घेतलेली रक्तदाबाची गोळी. माणूस विसरतो. त्याचा चुलता तर शेवटी शेवटी आपलं घर विसरून शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायचा. हे सगळं त्याला पटलं. मग त्यानं दगडाच्या मागं जाऊन पाहिलं आणि तिथं काहीच नव्हतं. काळा गोल नाही, पांढरा बाण नाही, नुसता दगड.

हे मात्र त्याला पटेना. दगड विसरला असेल, पण परतीचा बाण आधी हे त्याच्या डोक्याला नव्हे, हाताला ठाऊक होतं. जेवायची वेळ झाली असेल, नूरीनं हाक मारली असेल, काम अर्धवट टाकून उठलो असू, असं त्यानं स्वतःला समजावलं. कुणाला काही बोलला नाही. रंगवलेले दगड विसरणाऱ्या पेंटरला पुन्हा कोण बोलावतं?

संध्याकाळी चर्चच्या आवारात फादर भेटले तेव्हा त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "फादर, त्या मोहाच्या मागून वाट हाय का कोनती?"

"नाही चाचा. तिकडं जंगल खात्याची हद्द. बाया मोह वेचायला जातात थोड्या आत, पण वाट अशी नाही. कोणाला जाऊ देऊ नका हं तिकडं. मागच्या महिन्यात वाघ दिसला."

४

दुसऱ्या दिवशी नूरी नेहमीपेक्षा उशिरा आली. चार वेळा "या अल्लाह" झालं, त्यानं कडी काढली, आणि पाहतो तर बाईचा चेहरा उजळलेला. लग्नानंतर पहिल्यांदा पिक्चर पाहून आली होती तेव्हा असा दिसला होता.

"मले एक वाट सापडली," ती खुर्चीत बसत म्हणाली. "तिथी घुटने दुखतच नाई."

"कोनती?"

"मोहामागची. तुम्हीच तं बाण काढला तिथी." तिनं पाय चोळले. "एवढी सपाट वाट मी जल्मात नाई पाह्यली. सागाचा पाला पडला हाय असा गुडघाभर, पण आवाज नाई त्याचा. गादीवरून चालल्यासारखं वाटते. काठी नुसती हातात होती."

मार्चमधला सागाचा पाला म्हणजे काय असतो हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कडक, पापडासारखा. त्याच्यावरून मुंगूस गेलं तरी फर्लांगभर ऐकू जातं.

"येताना मातर लय हाल झाले. परतीचा बाण काऊन नाई काढला तुम्ही? दोनदा फिरून तिथीच आली मी."

"कोनी भेटलं?"

"एक बाई होती पुढं. माह्यासारखीच, हिरवी ओढणी. मी हाक मारली, वो बाई, वो बाई, तं थांबली नाई." नूरी हसली. "मस्त चालत होती पण. मले हेवा वाटला तिचा."

"वाघ हाय तिकडं. नको जाऊ."

"वाघ का करन माहं? खायले हाडंच हायत." आणि मग हात जोडल्यासारखं करून ती म्हणाली, "सहा वर्षांनी दुखल्याबिगर चालली मी, तौसीफचे अब्बा. नका बोलू ना नाई."

तो 'नाही' म्हणू शकला नाही. तिला आयुष्यभर त्यानं फारसं काही दिलं नव्हतं, आणि हे तर त्याच्या पदरचंही नव्हतं.

५

सकाळी नूरीच्या आधी तो मोहापाशी गेला. जाणारच असेल तर निदान परतीचा बाण तरी असावा, हा हिशेब सरळ होता. तरी रंगवण्याआधी वाट बघून घ्यावी म्हणून तो बाणाच्या दिशेनं आत गेला.

नूरीनं सांगितलं होतं तसंच होतं. दोन्ही बाजूंना साग, मधे हातभर रुंदीची पट्टी, तिच्यावर पाला, आणि पाल्याचा आवाज नाही. त्यानं मुद्दाम पाय आपटून पाहिला. ओला असेल, असं म्हणून त्यानं एक पान उचललं, ते बोटांत चुरलं आणि त्याचा भुगा झाला. भुगा होतानाही आवाज आला नाही. पन्नास पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपली कंबर दुखत नाहीये. वीस वर्षांची दुखणारी कंबर. तिथं उभं राहून त्याला फार बरं वाटलं आणि बरं वाटलं याचीच भीती वाटली. तो मागे फिरला. येताना पावलं मोजली, तर ती शंभराच्या वर भरली.

दगडाशी येताच कंबर पुन्हा धरली. त्यानं बसकण मारून मागच्या बाजूला काळा गोल काढला, तो वाळेपर्यंत बिडी ओढली, मग पांढरा बाण काढला. मोहाकडून पाळीकडे, पाळीकडून खोल्यांकडे. खालचं शेपूट आलंच. अर्धवट राहिलेलं काम पुरं झालं की जे समाधान वाटतं ते त्याला वाटलं. ब्रश पुसता पुसता त्याच्या मनात एवढं मात्र आलं की हा बाण आपण नूरीसाठी काढला, पण बाणाला कोण नूरी आणि कोण दुसरं हे कुठं कळतं? मग या विचाराला तो स्वतःच हसला.

दहा वाजता नूरी काठी टेकत गेली. बाराच्या सुमारास तो खोलीत रंगाचे डबे लावत होता. दारावर टकटक झाली. पायऱ्यांवर आवाज झालेला नव्हता.

त्यानं कडी काढली. नूरी उभी होती. ताठ.

"काठी कुठी हाय?" त्यानं विचारलं.

"तिथीच राह्यली वाटते," ती म्हणाली आणि आत येऊन मांडी घालून जमिनीवर बसली.

६

पुढचे दोन दिवस गुलाम रसूल हवेत होता. तौसीफला त्यानं फोन करून सांगितलं, "तुही अम्मी झाडू मारून राह्यली, वाकून!" काठी विसरून येणारं माणूस बरं झालेलं असतं, याहून मोठा पुरावा कोणता? आशाबाईनं छातीवर क्रूस केला आणि मातेला एक मेणबत्ती लावली. फादर स्वतः येऊन नूरीला चालताना बघून गेले. जत्रेच्या भाषणात हे सांगू का, असंही त्यांनी विचारलं.

बारीकसारीक गोष्टी होत्या, नव्हत्या असं नाही. "या अल्लाह" बंद झालं होतं. पण दुखत नसेल तर माणूस अल्लाला कशाला हाक मारेल, असं त्यानं धरलं. खुर्ची तिनं ओसरीत नेऊन ठेवली, ती ठीकच. तौसीफ फोनवर आला की ती ऐकून घ्यायची, हसायची, आणि फोन परत द्यायची. मग आशाबाई एकदा भाकरी थापताना म्हणाली, "भाऊ, भाभीनं मले आज नाव इचारलं."

"तुमचं?"

"हाव ना. बारा दिवसापासून आशाबाई, आशाबाई करते, अन् आज म्हणते, तुमचं नाव का होय?" आशाबाईनं भाकरी उलटली. "आनंदात होत असन तसं."

पण त्याला खरी टोचत होती ती वेगळीच गोष्ट. जिच्यासाठी हे सगळं, ती एक गोष्ट नूरी करत नव्हती. त्यानं दोनदा सुचवलं, नमाजाची चटई, जानमाज, काढून ठेवली. ती म्हणायची, "उद्या." सहा वर्षं वाट पाहिलेलं माणूस उद्या म्हणतं? की इतकी वाट पाहिली म्हणूनच धीर होत नाही? तिला एकदा कपाळ टेकवू दे, मग माझी सगळी शंका फिटेल, असं त्यानं ठरवून टाकलं. कोणती शंका, ते तो स्वतःशीही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी अकराला तो पाळीवरच्या एका दगडाचा उडालेला रंग सारखा करत होता. मान वर केली तर मोहापलीकडच्या झाडांत नूरी दिसली. काठी टेकत, उजवा पाय जड टाकत, डावा घासत. थांबली, झाडाला हात लावून दम खाल्ला, आजूबाजूला पाहिलं, आणि पुन्हा आत गेली. दुखणं परत आलेलं असताना ही पुन्हा कशाला गेली म्हणून त्याचा जीव कळवळला. तो हातातलं टाकून खोलीकडे धावला, तिची औषधाची डबी आणायला.

खोलीत नूरी बसली होती. मांडी घालून, लसूण सोलत.

"तू... आता तिकडं होती ना?"

"मी तं कवाची इथीच आहो," ती म्हणाली. सोललेल्या पाकळ्यांचा ढीग वाटीभर होता. एवढा लसूण अर्ध्या तासात सोलून होत नाही.

आपल्या डोळ्यातला मोतीबिंदू, त्यानं मनाशी म्हटलं. डॉक्टरनं सांगितलंच होतं. आणि लंगडणाऱ्या बायका काय, या गावात रोज दहा येतात. त्यातल्या एकीची ओढणी हिरवी नसावी असा काही कायदा नाही.

७

दुसऱ्या दिवशी असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या नमाजाच्या वेळी त्यानं सरळच म्हटलं, "नूरी, आज नमाज जमिनीवर पढ. माह्यासाठी."

ऊन कलतं झालं होतं. तलावावरून येणारा वारा कवेलूखालून आत येत होता. तिनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग उठली, हातपाय धुऊन आली, ओढणी नीट केली आणि जानमाजवर उभी राहिली. त्यानं दाराला कडी घातली आणि भिंतीला टेकून बसला.

ती वाकली. सरळ झाली. मग घुटने दुमडून, कुठंही न अडता, कुठंही हात न टेकता, एखाद्या पोरीसारखी खाली गेली आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

गुलाम रसूल रडला. या वेळी पाणी प्यायला उठला नाही, तिच्या देखत रडला. सहा वर्षं ही बाई एवढंच मागत होती, आणि तो जिवंत असताना ते झालं. याच्यापुढे लसूण काय आणि नाव काय! आपण किती कोत्या मनाचे, असं वाटून त्याला स्वतःची लाज वाटली.

ती कपाळ टेकवून राहिली. तो डोळे पुसत वाट बघत राहिला. ती उठेना. बरंच मागायचं असेल बिचारीला, त्यानं म्हटलं.

तेव्हा बाहेर पाल्याचा आवाज आला. पाळीकडून, अंगणातल्या पाल्यावरून. कडक, खरखरीत, चांगला मोठा आवाज. मग काठी टेकली. उजवा पाय जड पडला. डावा घासत आला.

"या अल्लाह."

पहिली पायरी. गुलाम रसूल हलला नाही. दुसरी. तिसरी. प्रत्येक पायरीला आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता. चौथ्या पायरीला आवाज निम्माच निघाला. मग दाराच्या पलीकडे कुणीतरी दम खात उभं राहिलं.

"तौसीफचे अब्बा." आवाज कोरडा पडला होता. "खोला ना. सापडली एकदाची वाट मले."

जानमाजवरची हलली नाही. तिची पाठ एकसारखी खालीवर होत होती, शांत.

"किती दिवस झाले हो? मले भूक लागली हाय भल्ली." काठी दाराच्या फळीला लागली. "झोपले का तुम्ही? उभं राहावत नाई मले. कडी काढा."

उठायला हवं, हे त्याला कळत होतं. तीन पावलांवर दार होतं. पण त्याच्यासमोर ती कपाळ टेकवून होती, आणि आपण हललो तर ते मोडेल असं त्याला वाटत होतं. बाहेरचीला आत घेतलं की हे गेलं. मग पुन्हा खुर्ची, पुन्हा मलम, पुन्हा रात्रीचं कण्हणं. हा विचार त्यानं केला. अगदी थोडा वेळ केला, पण केला.

बाहेर शांत झालं. मग खुर्ची जरा सरकल्याचा आवाज आला, ओसरीत ठेवलेली, आणि तिच्यावर कुणी बसल्याचा. आणि थोड्या वेळानं उठल्याचा.

"या अल्लाह," असं अगदी हळू ऐकू आलं. उतरतानाचं.

दुसऱ्या पायरीला तो उठला. कडी हाताला लागेना, लागली तर निघेना. दार उघडलं तेव्हा ती खाली अंगणात पोचली होती. ओढणी पाल्यानं भरलेली, चपला नाहीत. दाराचा आवाज ऐकून ती वळली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि मग त्याच्या खांद्यावरून खोलीच्या आत पाहिलं.

ती घाबरली नाही. एसटीत रुमाल टाकून ठेवलेल्या जागेवर दुसरंच कुणी बसलेलं दिसावं आणि भांडायची ताकद उरलेली नसावी, तसं तिच्या तोंडावर काहीतरी आलं. मान हलवल्यासारखी केली. मग ती पाठमोरी झाली आणि पाय घासत पाळीकडे चालू लागली.

"नूरी!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "नूरी!"

ती थांबली नाही. मोहापर्यंत पाल्याचा आवाज येत होता, मग तोही यायचा थांबला.

"का झालं?" त्याच्या कानाजवळ, मागून, उत्तर आलं. त्याच्या खांद्यावर हात पडला. "इथीच तं आहो मी."